आकाश साफ करणारे बटण

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. सध्या मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून असतो आणि माझ्या पाठीवर पपईच्या रोपांचा ट्रे ठेवलेला आहे. रोपांना पाणी घातले की थोडे माझ्या बिजागरीतून आत झिरपते. मला कोणी उघडत नाही, म्हणून ते कोणाला दिसतही नाही. रोपे मात्र छान वाढली आहेत.

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. पहिली काही वर्षे मी चिलीमधल्या एका तांब्याच्या खाणीच्या कचेरीत हजेरी मांडली. पुढे तिथे नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना आठवडी बाजारात, जुन्या इस्त्र्यांच्या शेजारी मांडण्यात आले. तिथे डोन्या, म्हणजे बाई, एदुविना ताबिलो माझ्यासमोर थांबल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवू घालण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

"हा चालतो का?" त्यांनी विचारले.

"चालतो. पळत नाही," दुकानदार म्हणाला.

"पळत मीही नाही. द्या."

त्यांचे यजमान एर्मिनियो खाणकामगार होते. त्रिशंकूच्या ताऱ्यांना लागून आकाशगंगेत एक काळा डाग आहे. तिथे धूळ इतकी दाट आहे की मागचे तारे दिसत नाहीत. एर्मिनियो अंगणात बसून म्हणायचे, "ती माझी कोळशाची पिशवी. विसरलोय तिथं. एक दिवस आणायला जाईन." ते गेले, आणि तेव्हापासून डोन्या एदुविना दर हिवाळ्यात त्या पिशवीचा फोटो काढू लागल्या. संध्याकाळी अंधार पडला की अंगणात कॅमेरा लावायचा, त्याची तार मला जोडायची, आणि मी फोटो साठवत राहायचो.

माझ्यात एक साधे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर होते. ते इंग्रजीत बोलायचे, म्हणून बाईंनी माझ्या पडद्याच्या कडेला स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. ते एकाच जागेचे पुष्कळ फोटो घेई, ताऱ्यांवर तारे नेमके बसवी आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो करी. त्यामुळे कॅमेऱ्याची खरखर, म्हणजे फोटोतले खोटे ठिपके, विरते आणि आकाशात जे असते ते उरते. या कामाला फार वेळ लागे. मी तापायचो, माझा पंखा गुरगुरायचा. "दमानं, म्हातारबा, दमानं," बाई म्हणायच्या आणि दव पडू नये म्हणून माझ्यावर आपली शाल घालायच्या. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गावाच्या दक्षिणेला फुटबॉलच्या मैदानावर दिव्यांचे खांब उभे राहिले. दिव्यांना वरून झाकण नव्हते. अर्धा उजेड मैदानावर पडे आणि अर्धा आकाशात जाई. आमच्या फोटोच्या खालच्या कोपऱ्यात एक मळकट पिवळा पट्टा दिसू लागला. पुढच्या हिवाळ्यात तो त्या पिशवीपर्यंत चढला. माझे सॉफ्टवेअर जे दिसे ते दाखवी. बाई पडद्याकडे बघत आणि मला मिटून ठेवीत.

एका रविवारी त्यांचा भाचा निबाल्दो आपला नवाकोरा लॅपटॉप घेऊन संध्याकाळच्या चहाला आला.

"मावशी, या डबड्यावर किती दिवस काढणार? तीन सॉफ्टवेअरं टाकून आणलीत. बघ आणि निवड."

पहिले त्यांनी उघडून पाहिले. "हे शिकायला वर्षभर लागेल," निबाल्दो म्हणाला.

"मग माझं वय बघ आणि पुढचं दाखव."

दुसऱ्याने तारे लाल-जांभळे करून टाकले. "अरे, ही काय जत्रा आहे?" बाई हसल्या.

तिसऱ्यात एकच मोठे बटण होते. त्यावर लिहिले होते, 'पार्श्वभूमी साफ करा'. निबाल्दोने ते दाबले. मैदानाचा उजेड नाहीसा झाला. पिशवी पुन्हा काळीभोर दिसू लागली. बाईंच्या हातातला पाव तसाच राहिला.

"हे एर्मिनियोच्या वेळचं आकाश आहे रे."

"मग! मी काय म्हणत होतो?"

"पण तो उजेड गेला कुठं?"

"गेला म्हणजे गेला! तुला काय करायचाय तो?"

बाईंनी तिसरे निवडले. मला त्यांचा राग नाही. ज्याचे माणूस गेले आहे त्याला जुने आकाश परत मिळत असेल, तर तो बटण दाबणारच. माझ्याकडे फक्त फोटो साठवायचे काम उरले. ते सजवण्याचे काम नव्याकडे गेले.

त्या फोटोचे फार कौतुक झाले. नगरपालिकेने तो आपल्या दिनदर्शिकेवर छापला, खाली गावाचे नाव घातले, आणि ती दिनदर्शिका घराघरांत टांगली गेली. लोक वाटेत थांबवून बाईंचे अभिनंदन करत. माझे नाव कोणी घेतले नाही.

पुढे बातमी आली की मैदानावर दिव्यांची दुसरी रांग येणार आहे, आणि घरांमागच्या रस्त्यावरही. बाईंनी वस्तीच्या सभेत मागणी मांडली की निदान सगळ्या दिव्यांना वरून झाकणे बसवा. नाहीतर आमच्या अंगणातून आकाश जाईल. पुरावा म्हणून त्या मला शालीत गुंडाळून शाळेच्या सभागृहात घेऊन गेल्या. साफ न केलेले सगळे फोटो माझ्यातच होते.

नगरपालिकेचे अभियंते श्री. साल्फाते भले गृहस्थ होते. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून हातात घेतली.

"डोन्या एदुविना, हा फोटो तुमचाच ना?"

"माझाच."

"तुमच्याच अंगणातून? दिवे लागल्यानंतरचा?"

"हो, पण तो यंत्रानं साफ केलाय. खरा हा बघा." त्यांनी मला उघडले.

माझा पडदा म्हातारा झाला होता. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "बाई, आकाश नाही हो, पडदाच पिवळा पडलाय! ओल्या फडक्यानं पुसा!" सगळे हसले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी चारचौघांत काही सांगायला गेलो होतो.

साल्फाते हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "बाई, आकाश साफ करणारं यंत्र तुमच्याकडे आहेच. मग झाकणांवर गावाचा पैसा कशाला घालवायचा?"

बाईंनी मला मिटून शालीत गुंडाळले आणि मतदान सुरू झाले. हात वर झाले. झाकणांच्या बाजूने फार थोडे होते. निबाल्दो खाली मान घालून मोबाइल बघत राहिला. त्याचा संघ त्याच मैदानावर खेळतो.

आता अंगणात रात्रीही सुई शोधता येते. बाई कॅमेरा बाहेर काढत नाहीत. परवा शेजारची छोटी मुलगी ताट परत द्यायला आली आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत उभी राहिली.

"हे कुठलं गाव आहे?" तिने विचारले.

बाई भांडी घासत होत्या. "लांबचं आहे, बाळा," त्या म्हणाल्या. खाली आमच्याच गावाचे नाव छापलेले होते, पण त्या मुलीला अजून वाचता येत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस आकाशाचे फोटो काढाल आणि सॉफ्टवेअर निवडायला बसाल. ते काय काय सुंदर करते, हे सगळे सांगतील. ते काय पुसून टाकते, हे तुम्ही विचारा. आणि पुसण्याआधीचा फोटो, कितीही मळका असला तरी, जपून ठेवा.

आमचे ते मळके फोटो अजून माझ्यात आहेत. आज सकाळीच रोपांना पाणी घातले गेले. ते पाणी त्या फोटोंपर्यंत पोचण्याआधी कोणीतरी हा ट्रे उचला आणि मला उघडा.