बॉर्नहोल्मवरचं धुकं

विलाड्सची बहीण आस्ता बॉर्नहोल्म बेटावरच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. आईचं घर विकण्यावरून दोघं भांडली होती, तेव्हापासून अबोला. त्या सकाळी नर्सचा फोन आला, "त्या तुमचं नाव घेताहेत. आजच या."

बोटीने जायचं तर संध्याकाळ झाली असती. आमच्या हौशी वैमानिकांच्या क्लबच्या वेगवान विमानाला दीड तास पुरे. विलाड्सच्याच हट्टाने क्लबने ते घेतलं होतं. मलाही उडवायला त्यांनीच शिकवलं. पण हृदयाच्या दुखण्याने त्यांचा परवाना गेला होता.

विमान त्या दिवशी क्लबच्याच येप्पे नावाच्या सभासदाकडे होतं. तो बायकोला घेऊन सुट्टीवर निघाला होता. मी कारण सांगितलं, तसा तो आत ठेवलेल्या बॅगा भराभर बाहेर काढायला लागला.

"निघा तुम्ही. टाकी भरलीय."

वाटेत विलाड्स शेजारी बसून घोकत होते. "'आस्ता, मी आलोय,' एवढंच म्हणतो. घराचा विषय नकोच ना?"

"नकोच."

स्वीडनचा किनारा मागे पडला आणि खालचा समुद्र दिसेनासा झाला. बेटही धुक्यात बुडालं होतं. मी दोनदा खाली आले, दोनदा धावपट्टी न दिसताच वर गेले.

"आणखी थोडं खाली घे, पोरी. पट्टी इथंच आहे. मला पाठ आहे."

"यापेक्षा खाली जायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"अगं, बहीण आहे माझी!"

मी विमान वळवलं.

स्वीडनमध्ये उतरलो. त्यांनी तिथूनच फोन लावला. नर्सने तो आस्ताच्या कानाशी धरला.

"आस्ता, मी विलाड्स. आत्ता तुझ्या डोक्यावरच होतो गं. खाली येता आलं नाही." मग कितीतरी वेळ ते नुसतंच ऐकत राहिले. "श्वास ऐकू येतोय," मला म्हणाले. थोड्या वेळाने फोनवर नर्स बोलली, "गेल्या त्या." विलाड्सनी डोळे घट्ट मिटून घेतले.

धुकं दुपारनंतर विरलं. आम्ही गेलो तेव्हा आस्ताच्या उशाशी मेणबत्ती लावलेली होती.

परतताना मी विचारलं, "तुम्ही उडवत असतात तर?"

"उतरवलंच असतं. आणि आपण दोघंही मेलो असतो. कळतं मला. पण राग जात नाही तुझ्यावरचा."

त्यानंतर ते क्लबवर आले नाहीत. मीच त्यांच्या घरी जाते. ते दार उघडतात, कॉफी करतात. विमानाबद्दल विचारत नाहीत.