सायकलताईचा टेम्पो

कॉलेजच्या पर्यावरण गटात प्रत्येकाला टोपणनाव होतं. गटाचा प्रमुख बारा महिने खांद्याला कापडी पिशवी अडकवून फिरायचा, म्हणून तो पिशवी. एक मुलगी घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्याशिवाय कॅन्टीनचा चहा घ्यायची नाही, ती पेला. आणि हिला सगळे सायकलताई म्हणायचे.

हे नाव तिनं स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. वर्षाच्या सुरुवातीला गटाची सभा झाली. प्रत्येकानं रोज पाळता येईल अशी एक गोष्ट सांगायची होती. कुणी म्हणालं, मी कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहीन. कुणी म्हणालं, मी ताटात काही टाकणार नाही. वर्गातून शेवटी निघून पंखे बंद करायचं कामही एकानं पटकन पदरात पाडून घेतलं. तिची पाळी येईपर्यंत सोपं सोपं सगळं संपलं होतं. ती उठली आणि म्हणाली, "मी उद्यापासून सायकलनं येणार. रोज." टाळ्या पडल्या. कॉलेज टेकाडावर आहे आणि आपलं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, हा विचार टाळ्या थांबल्यावर तिच्या डोक्यात आला.

सुरुवातीला ती खरंच सायकलनं आली. चढावर तोंडाला फेस यायचा, फाटकात उतरताना पाय लटपटायचे. सूचनाफलकावर तिचा फोटो लागला. घामानं थबथबलेला चेहरा, हातात सायकल आणि खाली ओळ, 'हिचा आदर्श घ्या'. फोटो लागला आणि तिचे गुडघे बोलायला लागले.

"मग टाक की सायकल मागे," वडील म्हणाले. "मी त्याच रस्त्यानं तर जातो."

वडिलांचा टेम्पो होता. एका मोठ्या लाँड्रीतून धुतलेल्या चादरी, टॉवेल, पडदे घेऊन ते दवाखान्यांत आणि लॉजमध्ये पोचवायचे आणि मळके गठ्ठे परत आणायचे. टेम्पो म्हातारा होता. सपाटीवर गुणी बाळ, पण चढ लागला की खोकत खोकत काळा धूर ओकायचा. चादरींना सायकलचं वंगण लागू नये म्हणून वडील मागे जुनं पोतं अंथरायचे आणि त्यावर सायकल आडवी निजवायचे. कॉलेजच्या अलीकडच्या वळणावर एका बंद वखारीची भिंत होती. त्या भिंतीआड टेम्पो थांबायचा, सायकल उतरायची आणि ती उरलेला सपाट रस्ता मोठ्या दिमाखात पार करून फाटकात शिरायची.

वडिलांना या नाटकाची भारी मौज वाटायची. "थांब, थांब, घाम कुठाय?" ते एकदा म्हणाले आणि बाटलीतलं पाणी तिच्या कपाळावर शिंपडलं. "हां, आता आदर्श दिसतेस. पळ, चिमणे." ती हसत सुटली. घरी हे ऐकल्यावर आईनं कपाळावर हात मारला. "बाप तशी लेक! सोंग आहे हे, आणि सोंग फार दिवस आणता येत नाही."

"अगं, परीक्षा होऊ दे. मग चालवेल ती," वडील म्हणाले.

परीक्षा झाली. सायकल टेम्पोतूनच जात राहिली.

मग गटानं 'धूरमुक्त फाटक' काढलं. एक दिवस फाटकापाशी उभं राहायचं, येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, इंजिन बंद करून आत पायी जायची विनंती करायची आणि जी गाडी फार धूर सोडेल तिच्यावर एक कागद चिकटवायचा. कागदावर काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी तिनंच सुचवलं, "धूर माझा, छाती तुमची." पिशवीनं टेबलावर थाप मारली. "वा! ताई, याला म्हणतात नेमकं बोट ठेवणं."

त्या दिवशी ती गटाबरोबर फाटकात उभी होती. मोटारसायकलवाले कुरकुरत उतरत होते. एक सर गाडीची काच खाली करून "चांगलं आहे, चांगलं आहे" म्हणाले आणि गाडी तशीच आत घेऊन गेले. त्यांना कागद चिकटवायला कुणी धजावलं नाही. पिशवी जरा चिडलाच होता. तेवढ्यात चढाकडून खोकल्याचा आवाज आला.

आवाज तिनं टेम्पो दिसायच्या आधीच ओळखला.

टेम्पो धुराचं शेपूट ओढत फाटकाशी आला. वडिलांनी केस पाणी लावून विंचरले होते, कोपराशी उसवलेला रोजचा शर्ट सोडून चांगला घातला होता. कॉलेजच्या होस्टेलच्या चादरींचं काम लाँड्रीला मिळालं होतं आणि पहिली खेप ते घेऊन आले होते. घरी बोलले नव्हते. तिला चकित करायचं त्यांच्या मनात होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. गर्दीत ती दिसली तशा त्यांच्या मिशा पसरल्या, ओठ हलले.

तिनं मान खाली घातली.

एवढंच केलं तिनं. बुटाच्या नाडीकडे पाहत राहिली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा वडिलांचे ओठ मिटले होते.

"काका, इंजिन बंद करा," पिशवी म्हणाला. "केवढा धूर हा! मुलं शिकतात इथे."

"हो, बंद करतो की." वडिलांनी किल्ली फिरवली. "होस्टेलला चादरी द्यायच्यात."

"आज गाडी आत नाही जाणार. चालत न्याव्या लागतील."

"गठ्ठे आहेत हो. बरेच आहेत."

"एक दिवस, काका. आमच्यासाठी," पिशवी हसून म्हणाला आणि मागे वळला. "ताई, तुझं वाक्य आहे, तूच चिकटव. ए, फोन काढा रे कुणीतरी."

कागद तिच्या हातात आला. आता बोलावं, असं तिला वाटलं. 'हे माझे बाबा' हे तीन शब्द. पण हे बाबा तर हा टेम्पो माझा, टेम्पो माझा तर मग सायकल कशी येते, असं एकाला एक लागून सगळं बाहेर आलं असतं आणि फलकावरचा फोटो तिथून ढळढळीत दिसत होता. ती पुढे गेली. चालकाच्या दारावर तिनं कागद लावला आणि तळहातानं दाबला. वडील आतून पाहत होते. दोघांमध्ये हातभरही अंतर नव्हतं.

"कोपरा उघडा राहिला हो, ताई," वडील हळूच म्हणाले. "नीट दाबा, नाहीतर वाऱ्यानं उडेल."

तिनं कोपरा दाबला.

मग वडील उतरले, गठ्ठा पाठीवर घेतला आणि होस्टेलकडे चालायला लागले. परत आले, दुसरा घेतला. रस्ता चढाचा होता. तिसऱ्या गठ्ठ्याला पेला पुढे झाली. "काका, एक मला द्या," म्हणाली आणि खरंच एक गठ्ठा छातीशी धरून त्यांच्याबरोबर निघाली. सायकलताई जागची हलली नाही. जवळ गेलो आणि ते काही बोलले तर, ही भीती. काही बोललेच नाहीत तर, ही त्याहून मोठी. काम संपलं तेव्हा मुलांनी वडिलांसाठी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. न वाजवणं उठून दिसलं असतं.

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. शेजारणीनं आईला दाखवला होता, "तुमची लेक किती धीट हो," म्हणून. आईनं दारातच विचारलं, "हात कसा उचलला गं तुझा?"

ती बुटाची नाडी सोडायला वाकली.

"मागे एका दवाखान्यानं अख्खा गठ्ठा परत पाठवला होता, चादरीवर वंगणाचा काळा डाग म्हणून. कुणाच्या सायकलचं वंगण? लाँड्रीच्या मालकाची बोलणी कुणी खाल्ली? तुला कळू दिलं का त्यांनी?"

"जाऊ दे," आतून वडील म्हणाले. "तिचं कामच होतं ते. धूर तर सोडतोच की टेम्पो, खोटं काय लिहिलंय?" मग जेवताना त्यांनी तिला, पाणी हवं का, असं विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं.

सकाळी ती उठली तेव्हा टेम्पो गेला होता. सायकल भिंतीशी उभी होती, दोन्ही चाकांत हवा भरलेली. तिनं ती काढली. चढाच्या अर्ध्यावर उतरून ढकलत नेली, पहिला तास बुडाला. फाटकात कुणीतरी ओरडलं, "सायकलताई, आज उशीर?" आणि ते नाव तिला थोबाडीत बसावं तसं बसलं.

दुपारी गट जमला. पुढच्या मोहिमेचं बोलणं चाललं होतं. ती मध्येच उभी राहिली. "मला काही सांगायचंय," म्हणाली आणि आधी सायकलचं सांगितलं. वखारीची भिंत, पोतं, शिंपडलेलं पाणी. मुलं खो खो हसायला लागली. "भारी!" एकजण म्हणाला. "ताई, तू तर नाटकात पाहिजेस."

"सायकल ज्या टेम्पोत असायची ना," ती म्हणाली, "तो कालचा टेम्पो. ते माझे बाबा."

हसू विझलं. पिशवी खांद्यावरचा पट्टा उगाचच सारखा करत राहिला. शेवटी म्हणाला, "अगं, मग खूण तरी करायचीस. आपण दुसऱ्या कुठल्या गाडीला चिकटवलं असतं."

"दुसऱ्या म्हणजे कुणाच्या?" पेलानं विचारलं. सरांची गाडी सगळ्यांनाच आठवली असावी, कारण सगळे खाली पाहत होते. मग पेला तिच्याकडे वळली. सांगावं की नाही, असं तिचं झालं होतं. "चढावर मी त्यांच्याशी बोलत होते. बोलायचं म्हणून विचारलं, काका, तुमची मुलं काय करतात? ते म्हणाले, एक मुलगी आहे. शिकते." ती थांबली. "कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाले, लांब असते."

सायकलताई खाली बसली. तिला रडू येईल असं सगळ्यांना वाटलं, पण आलं नाही. कान तेवढे तापले, आणि ते तापलेलेच राहिले.

कॉलेज सुटल्यावर ती थेट लाँड्रीत गेली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. आत वाफ कोंदली होती, ओल्या कपड्यांचा आणि साबणाचा वास होता, दोन बायका लांबच लांब चादरीची टोकं धरून घड्या घालत होत्या. वडील मालकाशी बोलत होते. मालकानं तिच्याकडे पाहून विचारलं, "काय हवंय?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. तिनंच सांगायचं होतं.

"मी यांची मुलगी," ती म्हणाली. "ते होस्टेलचं काम मिळालंय ना, त्याच कॉलेजात शिकते."

"अरे वा!" मालक म्हणाला. "बोलला नाहीत कधी."

"बोलायचं राहिलं," वडील म्हणाले. मग तिला, "इथे कशाला आलीस, वाफ सोसणार नाही तुला." आवाज मऊ होता आणि त्या मऊपणात तिच्यासाठी कुठे जागा नव्हती.

"बाबा, माझं चुकलं."

"असू दे."

"पुढची खेप न्याल तेव्हा मी येते. उचलू लागते."

"तुला तास असतो."

"नसतो," ती खोटं बोलली.

पुढची खेप निघाली तेव्हा ती त्यांच्या शेजारी बसली. रस्ताभर वडील गाड्यांना वाट देत राहिले. दारावरचा कागद त्यांनी खरवडून काढला होता, रंगाचा टवका तेवढा उडाला होता. फाटकात गटातली दोन-तीन मुलं होती. पिशवी पुढे आला आणि "नमस्कार, काका," म्हणाला. वडिलांनी मान डोलावली आणि टेम्पो आत घेतला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला मानेवर जाणवत होतं. लाज गेली नव्हती. आधी वडिलांची वाटली होती ती, आता स्वतःची वाटत होती, आणि दोन्ही एकाच ठिकाणी दुखत होत्या.

होस्टेलच्या पायऱ्यांशी तिनं घाईघाईनं सगळ्यात मोठा गठ्ठा ओढला. वडील "तो नको, तो जड आहे," म्हणेपर्यंत तिनं तो खांद्यावर घेतलाही होता. चौथ्या-पाचव्या पायरीवर पाय अडखळला. गठ्ठ्याची गाठ सुटली आणि पांढऱ्या शुभ्र चादरी पायऱ्यांवरून घरंगळत खाली मातीत गेल्या. पायऱ्यांवर बसलेल्या मुली ओरडत उठल्या.

"डोळे फुटले का तुझे?" वडील कडाडले. "सांगत होतो ना, तो घेऊ नकोस म्हणून! कुणाचं ऐकायचं नाही, सगळं आपल्याच मनाचं करायचं! आता हे परत धुवायचं कुणी? पाणी काय फुकटचं येतं? बघत काय उभी राहिलीस, उचल!"

सगळं होस्टेल ऐकत होतं. पेला ऐकत होती, पिशवीही धावत आला होता. इतक्या लोकांसमोर तिला आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

"हो, बाबा," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग गुडघ्यांवर बसून ती मातीतल्या चादरी गोळा करायला लागली आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला तिथे, सगळ्यांदेखत आलं. वडील पुटपुटत, चिडत तिच्या शेजारी वाकले आणि चादरीचं दुसरं टोक धरून झटकायला लागले.