नरहरीशेठचा घ्यायचा काटा

कोळवणात नरहरीशेठची भातगिरणी आहे आणि त्या गिरणीत दोन काटे आहेत. एक घ्यायचा, एक द्यायचा. द्यायच्या छोट्या काट्यावर फार्महाऊसवाल्या पुणेकरांना इंद्रायणी तांदूळ मोजून दिला जातो. तो काटा अगदी खरा आहे, कारण पुणेकर घरी जाऊन पुन्हा मोजतात. घ्यायच्या मोठ्या काट्यावर शेतकऱ्यांची भाताची पोती चढतात. शेतकरी घरी जाऊन मोजत नाही. म्हणून तो काटा शंभराला सहा किलो कमी दाखवत असे.

नरहरी याला चोरी म्हणत नसे, घट म्हणत असे. भात वाळतं, उंदीर खातात, काही इकडेतिकडे सांडतं, असा सगळा विचार करून त्याने ती घट आधीच कापून ठेवलेली होती. काट्याच्या मागे एक झाकण, झाकणाआड एक बटण. तीन वर्षांपूर्वी ते एकदाच दाबून धरलं, तेवढेच काय ते श्रम. देवाने माणसाला बोटं कशाला दिली आहेत, हे त्याला त्या दिवशी कळलं.

त्याच्या बायकोने, साधनाने, पिरंगुटचं वजन कमी करायचं सेंटर सोडलं तेव्हा नरहरीइतका आनंद दुसऱ्या कुणालाच झाला नाही. गावातल्या सात-आठ जणी जीप भरून तिकडे जात. तिथे त्यांचं वजन करत, दुधात कसलीशी पावडर ढवळून देत आणि सगळ्यांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावत.

"पैसं देऊन उपाशी ऱ्हायचं, त्यापरीस घरीच उपाशी ऱ्हाईन की," साधना म्हणाली. "टाळ्या काय, आरतीला बी वाजिवतोच."

"मी तर पयल्यापास्नं म्हणत हुतो," नरहरी म्हणाला. तो पहिल्यापासून काहीच म्हणत नव्हता, पण 'फुकट' या शब्दाची चाहूल लागली की त्याला सगळं आठवायला लागे.

साधना अर्धवट काही करणाऱ्यांतली नव्हती. तिने सगळ्या बायकांना सेंटरमधून सोडवून आणलं. पावडरीच्या जागी नाचणीची आंबील आली. तोंडाला लावायच्या महागड्या डब्या गेल्या आणि हरभऱ्याचं पीठ सायीत कालवून सगळ्या जणी अंगणात पिवळ्या तोंडाने बसू लागल्या. पोस्टमन एकदा बिचकून परत गेला. जिमच्या पट्ट्यावर चालण्याऐवजी पहाटे टेकडीवरच्या म्हसोबाला जायचं ठरलं. चढून गेल्यावर भूक लागते, म्हणून जाताना डब्यात भजी न्यायचंही ठरलं.

राहता राहिलं वजन. ते कुठे बघायचं?

"आपल्या घरात येवढा मोठा काटा आसताना?" साधना म्हणाली.

आणि सोमवारी, गिरणी बंद असताना आणि नरहरी पौडला तहसिलीत सातबाऱ्यासाठी रांगेत उभा असताना, सगळ्या जणी घ्यायच्या काट्यावर एकेक करून चढल्या.

संध्याकाळी नरहरी परतला तर दारात पेढे.

"समद्यांचं चार-चार किलो उतरलं!" साधना नाचायचीच बाकी होती. "पिरंगुटात दोन म्हैन्यांत अर्धा किलो हललं न्हाई, आन् हितं पंधरा दिसांत चार! फुकटात!"

नरहरीने अर्धा खाल्लेला पेढा परत ठेवला. तो पाणी प्यायला. मग त्याने काट्याकडे पाहिलं. काटा नेहमीसारखाच निर्विकार होता.

आता माणसाने करावं तरी काय? खरं सांगावं, तर दिवाळीनंतर खोऱ्यातलं एकही पोतं गिरणीची पायरी चढणार नाही, आणि गेल्या तीन हंगामांचा जाब द्यावा लागेल तो वेगळाच. गुपचूप काटा सरळ करावा, तर पुढच्या सोमवारी आठ बायका एका आठवड्यात चार-चार किलोंनी फुगतील. आठ बायका एकाच वेळी फुगल्या की संशय बायकांवर जात नाही, काट्यावर जातो. नरहरीने तिसरा मार्ग धरला. तो गप्प बसला.

गप्प बसून भागलं असतं. पण साधनाच्या पद्धतीचा बोभाटा शेजारच्या काशिगपर्यंत गेला आणि आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंच्या कानावर पडला. दसऱ्यानंतर गावात शिबिर होतं. त्यात आपण या बायकांचं सगळ्यांसमोर वजन करू, म्हणजे इतर गावांनाही हुरूप येईल, असं बाईंनी जाहीर केलं. येताना त्या स्वतःचा काटा आणणार होत्या.

नरहरी दोन रात्री कूस बदलत राहिला. तिसऱ्या पहाटे तो उठला, कानाला मफलर गुंडाळला आणि टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.

"अवं, तुमी हितं?" साधना थबकली. लग्नापासून आजवर नरहरी सूर्योदयाच्या वाटेला गेला नव्हता.

"म्हणलं, तुमच्यासंगं जावं. तब्येतीला बरं." मग त्याने डबा उघडून पाहिला. "ह्ये काय? भजी? ठिवा माघारी."

गोजराआत्या खोऱ्यातली जुनी, देहाने आणि जिभेने भरभक्कम बाई. सून जया हिच्याबरोबर ती टेकडीला येई. ती म्हणाली, "शेठ, तुज्या बापाचं खाल्लं का आमी भजी?"

"आत्ये, चार किलो उतरल्यात. ती परत चढाया नगंत."

"चढली तर चढली. माजी मला वळकीची हायेत."

पण नरहरी हटला नाही. सरळ हिशोब होता. बायकांचं जे वजन काट्याने आधीच उतरवलं होतं, ते आता दसऱ्यापर्यंत खरोखर उतरवायचं, आणि जसजसं उतरेल तसतसं रविवारी गुपचूप बटण दाबून काटा थोडा थोडा सरळ करत आणायचा. साधनाची पद्धत फुकट होती. ती खरी करायचा खर्च नरहरीच्या अंगावर पडला. त्याने स्वतःच्या पैशाने काकड्या आणल्या. मोड आलेले मूग वाटले. टेकडीवर मागे राहणाऱ्या बायकांच्या मागून तो गुरं हाकल्यासारखा "हं, चला, चला" करत धापा टाकत चढे. गणपतीत तर त्याने कहर केला. घरोघरी आरतीला जाई आणि मोदकांच्या ताटापाशीच ठिय्या देऊन बसे.

"द्येव खायील की त्यो," म्हणे. "तुमी कशाला?"

"तुमीच खाल्लं दोन, मी बगितलं," जया म्हणाली.

"मला कुटं काट्यावर चढायचंय?"

बायका हसत. नवरा असावा तर असा, असंही काही म्हणत. साधना त्याच्याकडे अधूनमधून विचित्र नजरेने बघे. इतक्या वर्षांत याने आपल्यासाठी साधी गजऱ्याची पुडी आणली नाही, आणि आता आपल्या जेवणात तेल किती पडतंय ते वाकून बघतोय. तिला ते प्रेमच वाटलं. नरहरीने तो गैरसमज दूर केला नाही.

सोमवारचे आकडे मात्र हलेनात. बायका खरंच वाळत होत्या, पण काटा सरळ होत होता, त्यामुळे आकडा जिथल्या तिथे.

"आता कमी का हुईना?" बायका विचारत.

"टिकिवणं लई अवघड आसतंय," नरहरी गंभीरपणे सांगे. "कमी काय, कुनी बी करतंय."

हे वाक्य इतकं वजनदार होतं की साधनाने ते खडूने गिरणीच्या भिंतीवर लिहून ठेवलं.

दसरा झाला, शिबिर आलं. नर्सबाईंच्या काट्यावर एकेक जण चढली आणि आकडा गिरणीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. टाळ्या झाल्या, त्याही फुकट. साधनाच्या हातात नारळ आला. मागच्या खुर्चीवर नरहरीने डोळे मिटले आणि म्हसोबाला मनातल्या मनात हात जोडले. सुटलो! काटा सरळ, बायका बारीक, गावात नाव. एकच बारीकसा घोर होता, या हंगामाची घट बुडाली. पण माणसाने किती हाव करावी? आणि बटण काय, आहेच जागच्या जागी. संक्रांतीनंतर बघू.

दिवाळी उलटली. भाताची झोडणी झाली आणि पहिली पोती घेऊन गोजराआत्या टेम्पोतून उतरली. गिरणीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. पोतं काट्यावर गेलं. आकडा दरवर्षीपेक्षा जास्त आला, तो तिने नीट पाहिला. दुसरं पोतं. तिसरं. मग ती पोत्यावरच बसली.

"नरहरी, ह्ये माजं झंपर बग."

नरहरीने घाईने नजर वळवली. "आत्ये, मी काय बगू?"

"बग म्हनत्ये. बाहीत दोन बोटं जात्यात." तिने बोटं घालून दाखवली. "श्रावनात तू म्हनला, चार किलो उतरलं. तवा ह्येच झंपर काखंत काचत हुतं. मला वाटलं, धुवून आटलं आसंल. मग गनपती झालं, नवरात झालं, झंपर सैल होत ग्येलं, आन् तुजा काटा हाय तितंच बसून. आदी काटा उतरला, झंपर न्हाई. मग झंपर उतरलं, काटा न्हाई. दोगांतलं एक कुनीतरी खोटं बोलतंय." तिने बोटं बाहेर काढली. "आन् झंपर मी माज्या हातानं शिवलंय."

नरहरीने आयुष्यात पुष्कळ गोष्टींचा विचार केला होता. निरीक्षक, पावत्या, पुणेकर. झंपरांचा विचार त्याने कधी केला नव्हता.

"आत्ये, घट आसतीया..." त्याने सुरुवात केली.

"ह्या साली कुटं ग्येली घट? उंदरं मेली?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. नरहरीने गल्ल्याकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. पोट कमी झाल्यामुळे ते हल्ली दिसत असत.

"गावात सांगनार?" त्याने विचारलं.

"सांगितलं तर तुजी गिरनी बसंल, आन् मला भात घिऊन पौडाला जावं लागंल. माजं गुडघं दुकत्यात." तिने पदर खोचला. "किती वरसं चाललं ह्ये?"

"तीन."

"मग आता तीन वरसं उलटं. जेवढं कमी दावत हुता, तेवढं जास्ती दावायचं. समद्यांच्या पोत्यांस्नी. आत्ताच्या आत्ता, माज्या म्होरं."

"आन् सोमवारी बायका चढत्यात त्यावर, त्यांचं काय?"

"बायका चालतील जरा जास्ती. मी बी चालंन."

"सोमवारपुरतं सरळ केलं तर..."

"कर की," गोजराआत्या म्हणाली. "मला झंपर सांगंल."

नरहरीने झाकण उघडलं. तीन वर्षांपूर्वी सहज दबलेलं ते बटण आज भलतंच घट्ट लागलं. मग आत्याची पोती नव्याने काट्यावर चढली, आणि आकडा पाहून तिने समाधानाने मान हलवली, जणू यंदा पीकच जोरात होतं.

पुढच्या सोमवारी गिरणीत आठ जणी जमल्या. पहिली साधना चढली. आकडा बघून ती खाली उतरली, चपला काढून पुन्हा चढली. मग मंगळसूत्र काढून जयाच्या हातात दिलं आणि तिसऱ्यांदा चढली.

"अवं," ती सावकाश वळली, "चार किलो वाढलंय! काटा बिगाडला का?"

सगळ्या नरहरीकडे बघू लागल्या. कोपऱ्यात गोजराआत्या बाहीत दोन बोटं घालून शांत उभी होती.

नरहरी झाकणापुढे सरकून उभा राहिला. "काटा..." तो म्हणाला, "काट्याला काय झालंय? फराळ हाय त्यो. चकल्या. करंज्या."

"मी तर येकच करंजी खाल्ली!"

"सपष्ट दिसतंय की किती खाल्ल्या त्ये," गोजराआत्या म्हणाली.

साधनाने मंगळसूत्र पुन्हा गळ्यात घातलं. तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं, ते पाहून बाकीच्या सात जणींनी काट्यावर चढण्याचा बेत रहित केला.

"उद्यापास्नं म्हसोबाला दोन येळा," ती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. आन् अवं, तुमी बी. पुढं ऱ्हावा, मागं नगं."

नरहरीने मुकाट्याने मफलर शोधायला घेतला.