मोजक्या खुर्च्या

टेम्पोतून खुर्च्यांची पहिली चळत खाली उतरली तशी भाऊंनी वरच्या दोन खुर्च्या बाजूला काढल्या. एकीचा पाय चिरला होता, दुसरीच्या पाठीला तडा गेला होता. सभेत खुर्ची मोडून कुणी पडलं की वक्त्याने पुढे कितीही आग ओकली तरी लोकांच्या लक्षात तो पडलेला माणूसच राहतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"बाकीच्या उतरवू का?" अर्ध्या चळती उतरल्यावर टेम्पोवाल्याने विचारलं.

"राहू देत. ताडपत्री टाक त्यांच्यावर. लागल्या तर बघू."

लागणार नाहीत, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

पक्षात त्यांना खुर्च्याभाऊ म्हणत. खुर्चीचा मोह असलेली माणसं पक्षात पुष्कळ, खुर्च्या वाहणारा मात्र हा एकटाच, असं म्हणून लोक हसत आणि भाऊही हसत. पण आपल्या कामाची त्यांना घमेंड होती. येतील त्या माणसांपेक्षा खुर्च्या नेहमी कमी मांडायच्या, रांगा सैल ठेवायच्या, मागे थोडी माणसं उभी राहतील असं बघायचं. मैदान भरलेलं दिसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पक्ष दर वेळी मतमोजणीत पडत आला होता. भाऊंच्या मैदानात तो पडलेला कुणी पाहिला नव्हता.

आज मात्र त्यांनी हात नेहमीपेक्षा जास्तच आखडला होता. आज भाषण त्यांच्या बायकोचं होतं.

या निवडणुकीला उभं राहायला कुणी तयार नव्हतं. अध्यक्ष माणूस शोधत घरी आले तेव्हा भाऊंना वाटलं होतं, इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, आता आपलं नाव घेतील. अध्यक्ष चहा पिता पिता कोपऱ्यात शिलाई मशीन उघडून बसलेल्या त्यांच्या बायकोशी बोलत राहिले. वरच्या वस्तीची बस कधीपासून बंद आहे, दवाखान्याला कुलूप का असतं, नळाला पाणी कुठवर पोचतं, सगळं ती हातातला पेचकस न थांबवता सांगत गेली. कप खाली ठेवताना अध्यक्षांनी तिचंच नाव घेतलं.

"ही? सभेत बोलणार?" भाऊ म्हणाले आणि हसले. तीही थोडी हसली होती. मग पुन्हा मशीनमध्ये डोकं घालून बसली.

बापाकडून शिकलेला धंदा होता तिचा. पंचक्रोशीत कुणाचंही शिलाई मशीन अडलं की ती स्कूटर काढून जायची, संध्याकाळी हाताला तेलाचा वास घेऊन परतायची. कुठे गेली, कुणाकडे बसली, हे भाऊंनी कधी विचारलं नाही. त्यांना पक्षाचं काम असायचं.

रांगा लावून होताहेत तोवर अध्यक्षांची गाडी आली. त्यांनी मैदानावर नजर फिरवली आणि भाऊंना खांद्याला धरून बाजूला नेलं.

"आज सकाळीच मोठ्या पक्षाचा निरोप आलाय. इथला उमेदवार मागे घ्या म्हणतात, दुसरीकडे दोन जागा सोडतो. उद्या माघारीचा शेवटचा दिवस. मी आजची गर्दी बघून ठरवणार आहे. लोक आले तर लढू. नाहीतर तिला समजवायचं काम तुझं."

"समजावतो," भाऊ म्हणाले. "ऐकेल ती माझं."

म्हणताना त्यांना हलकं वाटलं. तोंडघशी पडण्यापेक्षा आधीच बाजूला झालेलं काय वाईट? बायकोवर त्यांचा जीव होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर थरथरत उभी असलेली ती त्यांना आठवडाभर डोळ्यांसमोर दिसत होती.

ती स्कूटरवरून आली. मागे काहीतरी बांधलेलं होतं. तिच्या स्कूटरवर कायम काही ना काही बांधलेलं असायचं, भाऊंनी ते बघणं केव्हाच सोडलं होतं. अध्यक्षांनी लिहून दिलेलं भाषण तिच्या हातात होतं.

"अहो, इतक्याच खुर्च्या?"

"पुरतील."

तिने स्कूटरवरचं ओझं सोडवून घेतलं. मग व्यासपीठाकडे गेली.

उन्हं कलायला लागली तशी माणसं येऊ लागली. आधी नात्यातली, मग बाजारातली, मग भाऊंच्या ओळखीची नसलेली. खुर्च्या भरल्या. भाऊंचा जीव भांड्यात पडला. मागे एक रांग उभी राहिली, अगदी त्यांच्या हिशेबाप्रमाणे. पण माणसं यायची थांबेनात. कडेवर पोरं घेतलेल्या बाया आल्या, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या. त्या खुर्च्यांकडे बघत, आपसांत काही बोलत, आणि हळूहळू एकेक करून मागे वळत. फाटकातून बाहेर जाणाऱ्यांची रीघ लागली.

अध्यक्ष व्यासपीठावरून हे बघत होते. त्यांनी भाऊंना खूण केली.

"चालले बघ."

भाऊ टेम्पोकडे धावले. ताडपत्री होती, खाली चळती होत्या, पण टेम्पोच्या मागच्या फळक्याला कुलूप होतं आणि टेम्पोवाला चहाला कुठे गेला होता कोण जाणे. ते फाटकाकडे धावले. रस्त्यावर लोकांच्या पाठी दिसत होत्या. हाक मारावी तर कुणाला, एकीचंही नाव त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं झाकत आलो आणि ज्या दिवशी उघडी हवी होती त्या दिवशीच मूठ आवळून धरली, असं त्यांना वाटलं. ते फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले.

आणि मग रस्त्याच्या वळणावरून एक लाकडी स्टूल येताना दिसलं.

ते एका म्हातारीने डोक्यावर घेतलं होतं. तिच्या मागे दुसरी, काखेत वेताची बैठक घेऊन. तिच्या मागे खुर्च्याच खुर्च्या. लोखंडी, रंग उडालेल्या, पाठ नसलेल्या, एका हाताच्या. म्हाताऱ्या शिंप्याने आणि त्याच्या सुनेने दोन्ही टोकांना धरून दुकानातलं बाकडं आणलं होतं. वरच्या वस्तीकडून एक ट्रॅक्टर आला, त्याच्या ट्रॉलीत बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांशी तिवया रचलेल्या होत्या. इथे बसायला जागा नाही, येताना घेऊन या, असा निरोप त्यांना कुणीतरी फोनवरून दिला होता.

भाऊंनी जन्मभर खुर्च्या उचलल्या होत्या, पण त्या सगळ्या एका साच्यातल्या. इथे एकीसारखी दुसरी नव्हती. ते बाजूला झाले. कुणी त्यांना कुठे मांडू म्हणून विचारलं नाही. माणसं आपापली जागा बघून टेकवत गेली, रांगा वाकड्यातिकड्या झाल्या, आणि मैदान भिंतीपर्यंत भरलं.

"आजी, एवढ्या लांबून हे ओझं कशाला आणलंत?" त्यांनी डोक्यावर स्टूल घेऊन आलेल्या म्हातारीला विचारलं.

"ओझं कसलं? मशीनताईचं स्टूल आहे हे," म्हातारी म्हणाली. "आमच्याकडे आली की ती यावरच बसते. आज तिच्यासमोर आपण बसू म्हटलं." आणि मग त्यांना आपादमस्तक न्याहाळून तिने विचारलं, "तुम्ही कोण तिचे?"

भाऊंनी सांगितलं. म्हातारीने मान हलवली. तिला ते फारसं महत्त्वाचं वाटलं नसावं.

व्यासपीठावर त्यांची बायको उभी राहिली होती. हातात कागद होता, पण ती कागद बघत नव्हती. तिची नजर माणसांच्या गुडघ्यांच्या खाली फिरत होती. कोण कशावर बसलंय ते ती बघते आहे, हे भाऊंच्या लक्षात आलं.

"ते बाकडं पुढे आणा हो," ती माइकमध्ये म्हणाली. "मागे जमीन उतरती आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. मी दर वेळी खाली पुठ्ठा घालते."

शिंपी हसला. मैदान हसलं. बाकडं पुढे आलं.

"आणि ती हिरवी खुर्ची तुमची नव्हे, तुमच्या जावेची. तुमच्याकडे मी पेटीवर बसते."

"पेटी उचलेना, ताई," मागून एक बाई म्हणाली. "म्हणून हिची आणली."

"मग दोघी बोलायला लागलात तर."

पुन्हा हशा पिकला, आणि त्या हशातच दोन बायकांनी एकमेकींकडे बघून मान खाली घातली. भाऊंनी मोठमोठे वक्ते ऐकले होते. टाळ्या कुठे येणार हे ते आधी सांगू शकत. इथे मात्र पुढच्या क्षणी काय होणार हे त्यांना कळत नव्हतं. ही बाई आपल्या घरात राहते, आपल्याला वाढते, आपल्या शेजारी झोपते, आणि हिच्यासाठी डोंगरापर्यंत घराघरांत एकेक बसायची जागा ठेवलेली आहे. हे त्यांना आज कळत होतं. एखाद्या देवळात चुकून चप्पल घालून शिरावं तसे ते अवघडून उभे राहिले.

तिने कागदाची घडी केली आणि माइकच्या खाली ठेवली.

"मला भाषण येत नाही. तुमच्याकडे मशीन बंद पडतं तेव्हा तुम्ही विचारता, होईल का नीट? मी होईल म्हणत नाही, नाही होणार असंही म्हणत नाही. उघडून बघते. बस का बंद आहे, दवाखान्याला कुलूप का आहे, ते मला आतून उघडून बघायचंय. जमलं तर सांगेन, आणि नाही जमलं तरी तुमच्याच दारात येऊन, तुमच्याच स्टुलावर बसून सांगेन. एवढंच."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. मग आल्या त्या थांबेनात. भाऊ टाळ्या वाजवायला विसरले.

सभा संपल्यावर अध्यक्ष खाली उतरले. त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा लहान दिसत होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला कुठे माहीत होतं," भाऊ म्हणाले. ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना मान वर करवेना.

माणसं आपापली स्टुलं, तिवया घेऊन निघाली. आली होती तशीच, डोक्यावर, काखेत, ट्रॉलीत. टेम्पोवाला परत आला आणि भाऊंनी मांडलेल्या मोजक्या खुर्च्या चळती लावून भरू लागला. अंधारून यायला लागलं होतं. झाडलोट करताना भाऊंना व्यासपीठाच्या बाजूला एक ठेंगणं स्टूल दिसलं. बसायची फळी वापरून गुळगुळीत झालेली, कडेला तेलाचे डाग.

ते उचलून ते फाटकापर्यंत गेले. ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, शिंप्याला विचारलं. कुणाचंच नव्हतं. शेवटी ते बायकोकडे आले. ती स्कूटरपाशी उभी होती.

"अगं, हे कुणाचं राहिलं बघ. तुला सगळ्यांची माहीत आहेत."

तिने स्टुलाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"आपलं आहे," ती म्हणाली. "कोपऱ्यात मशीनपाशी असतं ते. मी येताना बांधून आणलं होतं. तुम्ही सगळ्यांना बसवता आणि स्वतः उभेच असता. म्हटलं, आज तरी बसून ऐकाल."

भाऊंनी स्टूल खाली ठेवलं. बोटांनी फळी चाचपून पाहिली. मग ते त्यावर बसले. मैदान रिकामं होतं आणि समोर ती एकटी उभी होती.

"मी येत होते तेव्हा अध्यक्ष तुम्हाला बाजूला घेऊन बोलत होते," ती म्हणाली. "मला काहीतरी समजवायचं होतं ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भाऊंना वाटलं, निदान राग तरी असता.

"समजवायचं नव्हतं," ते म्हणाले. "विचारायचं होतं. उद्या कुठल्या वस्तीवर जायचंय?"

"वरच्या."

"मी येऊ?"

तिने स्कूटरची किल्ली फिरवली आणि पुढे सरकून मागे जागा केली. स्टूल बांधायला आता जागा उरेना, म्हणून भाऊंनी ते मांडीवर घेतलं.