बंद घंटी

मित्रांनो, मी एका दारावरची जुनी घंटी आहे. माझं बटण दाराबाहेर आणि आवाज दाराआत. म्हणून मला दोन्हीकडचं कळतं, असा माझा समज होता.

मला बसवलं तेव्हा बाबा हसून म्हणाले, "ही तर मेलेल्यालाही उठवेल!" ते बस चालवत. ड्यूटीवरून आले की मला लागोपाठ दोनदा दाबत आणि चार वर्षांची छोटी "बाबा आले!" म्हणत धावत सुटे.

मग बाबा आजारी पडले, इस्पितळात गेले आणि परत आलेच नाहीत. त्या आठवड्यात मी सारखी वाजत होते. मग बाबा का उठले नाहीत? एवढे पाहुणे आले, तरी कोणी हसत का नव्हतं? मला काही उमजेना.

छोटीलाही उमजत नव्हतं. मी वाजले की ती "बाबा!" म्हणून धावे आणि दारात दुसरंच कोणी पाहून पाय आपटत रडे. एके दिवशी आईने स्टुलावर चढून माझी वायर काढून टाकली. माझं काय चुकलं होतं?

बाहेर बोटं मला दाबतच राहिली. खालचे शिंपीकाका डबा घेऊन आले, थोडं थांबले, "तिला कोणी नको असेल," असं पुटपुटत परत गेले. शेजारच्या नर्सताईही तशाच गेल्या. आत आई छोटीला थोपटत म्हणत होती, "चार दिवस सगळे आले. आता कोणी फिरकतही नाही." मी दोन्ही ऐकत होते. पण सांगणार कशी?

शेवटी वरच्या काकू आल्या. मला दाबून पाहिलं आणि दारावर धाडधाड थापा मारल्या.

"अगं, घंटी बंद आहे की तू?"

दार उघडताच आईचा बांध फुटला. "काकू, ही वाजली की छोटीला वाटतं, बाबा आले. काय सांगू तिला?"

 काकू उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, "मलाही नाही गं ठाऊक. पण आम्ही जिन्यातूनच ओरडत येऊ. कोण येतंय ते तिला आधीच कळेल."

काकूंनी सगळ्या इमारतीला तसं बजावलं. माझी वायर पुन्हा जोडली गेली. आता आधी हाक येते, "छोटे, शिंपीकाका आलाय गं!" आणि मग मी वाजते. आईची कामावर संध्याकाळची पाळी असली की नर्सताई छोटीला जेवू घालतात.

परवा छोटीने विचारलं, "जिन्यातून बाबा कधी ओरडणार?"  आईने तिला कुशीत घेतलं. शिंपीकाका तिच्या फ्रॉकची चांगली शिवण उगाचच तपासत बसले.

मित्रांनो, मला अजूनही सगळं कळलेलं नाही. पण ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथली घंटी वाजली नाही, तर परत फिरू नका. दारावर थाप मारा.