गोपुराच्या उजवीकडचा डोंगर

"गुरुवारी तुम्ही हात कुणाला केला होता?"

सहाच शब्द. घरापासून विमान कारखान्याच्या फाटकापर्यंत बसमध्ये ती ते मनातल्या मनात घोळवत आली होती, आणि आता ते मुठीतल्या लाल रिबिनीसारखेच झाले होते — घामानं ओले, चुरगळलेले, मूठ उघडून पाहायला नको वाटणारे. रिबीन प्रतिमाची. काल शाळा सुटताना प्रतिमानं ती स्वतःच्या वेणीतून ओढून काढली, वसुमतीच्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पायलटला विचारलंस तर परत आण. नाही विचारलंस तर ने नाशिकला आणि भिंतीवर लाव. भित्र्या वसूची आठवण म्हणून."

"ती कुठं जातेय नाशिकला?" कल्पना म्हणाली.

"जाईल बघ. तिथं भाजीवालीसुद्धा मराठी बोलते म्हणे! घरात मराठी, गल्लीत कानडी, असं काही नाहीच. अय्यो, कंटाळून मरेल ही."

सगळ्यांत मोठ्यानं हसली होती वसुमतीच. या वर्षी ती अशीच हसायची. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू यायचा नाही, तिनं पावसाळ्यात वक्तृत्वाची ढाल आणली आणि तेव्हापासून वर्गातले सगळे अवघड प्रश्न तिच्याच गळ्यात पडायला लागले. गुरुवारी कवायतीच्या तासाला कारखान्याचं नवं हेलिकॉप्टर मैदानावरून जायचं. साठ मुली माना वर करून हात हलवायच्या, आणि परवा आतल्या माणसानं उलट हात केला होता. प्रतिमाला, असं प्रतिमाचं म्हणणं. कल्पनाला, असं कल्पनाचं. वसुमतीनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं, तो तिलाच केला होता.

आता हेलिकॉप्टरमध्ये तोच माणूस तिच्या उजवीकडे बसला होता. कॅप्टन उपेंद्र, बेळगावकडचे. मान ताठ, कानशिलं पिकलेली. डावीकडे आप्पा, म्हणजे तिचे वडील. मांडीवर नकाशा, कानावर पेन्सिल. नकाशाघरात बावीस वर्षं काम करून ती पेन्सिल तिथंच उगवल्यासारखी झालेली. मे महिन्यात आप्पांची बदली होती नाशिकजवळच्या नव्या कारखान्यात. साहेबांनी विचारलं, बिंदुमाधवराव, निरोपाला काय देऊ? आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं : डोंगरमाथ्यावर उतरण्याची चाचणी आहे ना पुढच्या शनिवारी, तर मला आणि माझ्या मुलीला न्या, आणि डोंगर मी सांगतो तो घ्या.

जमीन सुटली. सुटली म्हणजे — ती वर गेलीच नाही, जमीनच पायाखालून काढून घेतल्यासारखी खाली गेली, आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालं ते पंख्याच्या धडधडाटात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. दाढा थरथरत होत्या. पुढं सगळी काच, पायाशीसुद्धा काच, आणि काचेखाली तळी, नारळ, कौलं, वाळत घातलेली लुगडी, जांभ्या रंगाचे रस्ते... मग त्यांची वस्ती, बसवनगुडी. मग गोपूर, एवढंसं, पाटावर मांडलेल्या वाळूच्या देवळासारखं. आप्पांनी पेन्सिलीनं खाली दाखवलं. त्यांची गच्ची! कोपऱ्यातली पाण्याची टाकी, दोरी, आणि कठड्याजवळची ती जागा...

तिथं अण्णा उभे राहायचे. आजोबा. नरसिंहराव हे नाव फक्त पत्रांवर. घरात सगळ्यांचे अण्णा. पहाटेची आंघोळ झाली की ओल्या पंचानं गच्चीत यायचे आणि गोपुराच्या उजव्या अंगाला, दूर, जिथं निळसर डोंगर दिसायचा, तिकडे हात जोडायचे. आपला डोंगर. त्यावर आपलं कुळदैवत, नरसिंह. कधीकाळी घरातली माणसं तिथं बैलगाडीनं जायची. मग वाट मोडली, वाघरांची भीती झाली, आणि पणजोबांनी देवाचा चांदीचा टाक घरी आणून नेम घालून दिला : वर कुणी जायचं नाही, पण रोज नमस्कार चुकवायचा नाही. गोपुराच्या उजवीकडचा डोंगर. धुकं असलं तर अण्णा धुक्याला हात जोडायचे. "दिसत नाही तर कुणाला करता?" चार वर्षांच्या वसूनं विचारलं होतं. "स्वल्प थांब," अण्णा म्हणाले, "तो कुठं जातोय?" मग तिला काखेत उचलून घ्यायचे. त्यांच्या पंचाचा गार ओलेपणा तिच्या परकराला लागायचा, खालून कॉफीचा वास यायचा, आणि रविवारी आप्पाही यायचे, अण्णांच्या एक पाऊल मागे उभे राहायचे...

दोन वर्षांपूर्वी शेवटच्या आजारात अण्णांनी आप्पांना नाही, तिला जवळ बोलावलं होतं. "वसू, नमस्कार तू करत जा." ती कानडीत 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाली होती. झालं, तेवढंच. त्या 'सरी'वरच आता सगळं अडलं होतं. तिला एवढी वर्षं सोडून राहायचं म्हटल्यावर आईच्या डोळ्यांचं पाणी खळेना. आई नाशिकचीच, तिला माहेर मिळत होतं आणि मुलगी हातची जात होती. अनुअत्या म्हणत होती, राहू दे इथं माझ्याजवळ, घर बंद कशाला ठेवता, मीच येते तिथं राहायला. आणि वसुमतीचं एकच पालुपद : मी अण्णांना शब्द दिलाय. त्यावर आईला बोलता यायचं नाही. आप्पा म्हणाले होते, "शनिवारी संध्याकाळी सांग. सोमवारी तिथल्या शाळेला पत्र टाकायला हवं." आज शनिवार होता.

बनशंकरीचं देऊळ मागं पडलं, शेतं संपली, खडक सुरू झाले. आणि समोरून तो यायला लागला — गच्चीतून निळा दिसणारा तिचा डोंगर — जवळ येता येता करडा झाला, मग काळा, मग त्याच्या अंगावर पावसाच्या ओघळांचे पांढरे पट्टे दिसले, एखाद्या म्हाताऱ्या हत्तीसारखे. तिचे हात आपोआप जोडले गेले, रिबिनीसकट.

माथ्यावर सपाट कातळ होता. हेलिकॉप्टर त्यावर अलगद टेकलं, गवत भुईसपाट झालं, मग पंखा थांबला आणि इतकी शांतता झाली की कान दुखले. ती उडी मारून उतरली आणि निघालीच. पायऱ्या कुठं आहेत? दीपमाळ? अण्णा म्हणायचे, दाराशी दगडी दीपमाळ आहे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. कातळ, बोडकी झुडपं, एका खळग्यात साचलेलं पाणी आणि बकऱ्यांच्या लेंड्या. खडकाच्या आडून एक म्हातारी बकरीवाली डोळ्यांवर हात धरून या उडत्या प्रकाराकडे बघत होती. वसुमतीनं तिला कानडीत विचारलं, नरसिंहाचं देऊळ कुठं?

म्हातारी बोळक्या तोंडानं हसली. "देवरु इल्लि इल्ला, मगू." देव इथं नाही, पोरी. तिनं काठी मागच्या बाजूला केली. "हिंदे."

मागं, या डोंगराच्या पाठीशी, दुसरा एक होता. टेकडीच म्हणायची. तिच्या उतारावर झाडांत एक पांढरा ठिपका, आणि त्याच्यापुढं एक बारीक उभी रेघ. दीपमाळ.

ती बघत राहिली. मागून आप्पांच्या चपलांचा आवाज आला आणि थांबला. त्यांनी देऊळ कुठं म्हणून विचारलंच नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हं."

"कधीपासून?"

"एकावन्न साली. तुझा जन्म झाला त्या वर्षी. या भागाचा मोठा नकाशा आला होता टेबलावर. सहज पट्टी लावून पाहिली." ते टेकडीकडे बघत होते. "आपलं जुनं घर पेठेत होतं ना. तिथून गोपुराच्या उजव्या अंगाला ती टेकडी दिसत असणार. प्लेग आला, बसवनगुडीत नवीन घर बांधलं, दीड मैल लांब. नव्या घरातून गोपुराच्या उजव्या अंगाला हा डोंगर आला. ती याच्या पाठीमागं झाकली. नेम तोच ठेवला आपल्या लोकांनी, डोंगर बदलला."

म्हणजे अण्णा... आयुष्यभर... धुक्यातसुद्धा... आणि तिची ती सकाळची सगळी ओली गार वर्षं... तिला एकदम हसू आलं आणि ते भलत्याच ठिकाणी, नाकाच्या शेंड्याशी, येऊन झोंबलं.

"सांगितलं का नाहीत त्यांना?"

"कधी सांगणार? ते हात जोडून उभे असायचे." आप्पांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "नंतर कॉफी असायची. मग भोंगा व्हायचा."

"पण रविवारी तुम्हीपण करायचात की नमस्कार! खोटाच?"

"मी डोंगराला कुठं करत होतो गे," आप्पा म्हणाले, "मी अण्णांच्या मागे उभा असायचो."

मग त्यांनी ते सांगितलं, ज्यासाठी त्यांनी हा डोंगर मागून घेतला होता. नकाशाची घडी घालता घालता, तिच्याकडे न बघता. "तू शब्दात अडकून राहावंस असं नाही, वसू. जो शब्द दिलास तो या डोंगराचा नव्हताच. तू मोकळी आहेस. एवढंच दाखवायचं होतं."

कॅप्टन उपेंद्र हेलिकॉप्टरला टेकून थर्मासमधली कॉफी पीत होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. भीती नावाची गोष्ट वाटेत कुठंतरी पडली होती.

"गुरुवारी तुम्ही हात कुणाला केला होता? शाळेच्या मैदानावर. आमची पैज आहे."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "शाळा? अच्छा, ते गोपूर येतं त्याच्या अलीकडे?"

"हो."

"वरून कोण दिसतंय बाळ. पांढरी खसखस सांडल्यासारखं दिसतं." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "पण शाळा आहे म्हणजे पोरं हात करतच असणार. मग आपण करायला नको का?"

परतताना पुन्हा शाळा आली. शनिवारची दुपार, शाळेचं मैदान रिकामं; एक गाय तेवढी. तरी तिनं रिबिनीचा हात वर केला, त्या खालच्या रिकाम्या मैदानाला, परवाच्या त्या साठ जणींना. उजवीकडे कॅप्टन उपेंद्रांचाही हात, समोरून नजर न काढता, सवयीनं वर गेला. मग गच्ची आली. गच्चीत कुणी नव्हतं, आणि तरी कुणीतरी ओल्या पंचानं उभं होतं, चुकीच्या बाजूला तोंड करून, अगदी निश्चिंत... आणि त्याच्या एक पाऊल मागे आणखी एक जण, ज्याला सगळं माहीत होतं. तिनं डावीकडे पाहिलं. आप्पांच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. कधी?

घरी आईनं पोहे केले होते. तिन्हीसांजेचा उजेड स्वयंपाकघराच्या जाळीतून पाटावर आला होता, चौकोनी चौकोनी. "दिसला का गं देव?" आईनं विचारलं. आप्पा बशीत बघत राहिले.

"दिसला," वसुमती म्हणाली. "लहानसा आहे. पांढरा. पुढं दीपमाळ."

आईनं बसल्या जागी हात जोडले, गोपुराच्या उजवीकडे. आप्पांनी आईकडे पाहिलं, मग वसुमतीकडे, आणि तिनं अगदी किंचित मान हलवली : नाही, मीही नाही सांगणार.

आता सांगायचं होतं ते दुसरंच. सकाळपर्यंत ते सोपं होतं. अण्णा पुढं उभे होते आणि ती त्यांच्या आडून बोलत होती. आप्पांनी आज तिला मोकळं केलं होतं. मोकळी होऊन ती आपल्याबरोबर येईल, असं त्यांच्या मनात असणारच. ते कधी बोलले नसते. आणि ती मोकळी झाली होती, म्हणूनच आता तिच्यापाशी आडोसा म्हणून काहीच नव्हतं — शाळा होती, प्रतिमा-कल्पना होत्या, दोन भाषांची गल्ली होती, ती गच्ची होती, आणि हे सगळं हवं असणारी ती होती. बास. तिनं पोह्यांच्या वाफेपलीकडे त्या दोघांना पाहिलं. आईच्या हाताला लागलेली हळद, आप्पांची पेन्सिल... अजून ते समोर बसले होते, मे महिना लांब होता, आणि तरी तिला दोघांची आठवण यायला लागली होती.

तिनं मूठ उघडली. रिबीन पाटाशेजारी ठेवली, सोमवारी परत द्यायची म्हणून.

"आई, आप्पा," ती म्हणाली, आणि आवाज कापला तरी तिनं तो कापू दिला, "मी इथंच राहणार आहे. अनुअत्याबरोबर. अण्णांना शब्द दिला म्हणून नाही; मला राहायचं आहे म्हणून. आणि नमस्कार रोज करीन, त्याच डोंगराला. फक्त आप्पा, उद्यापासून मी तुमच्या जागेवर उभी राहीन. एक पाऊल मागे."