कोरी चिठ्ठी

रविवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी स्वातीने अकरावी चिठ्ठी उघडली, मनातल्या मनात वाचली आणि म्हणाली, "ही कोरी आहे."

चिठ्ठी कोरी नव्हती.

चंद्रपुरातल्या त्या वस्तीच्या विहारात वंदना आटोपली की किशोरवयीन मुलींचा आरोग्यवर्ग भरायचा. नर्स असलेल्या स्वातीने नियम घातला होता: एकोणीस पोरी, एकोणीस चिठ्ठ्या. काही विचारायचं नसेल तिनेही कोरी टाकायची, म्हणजे लिहिणारी कोण हे कळत नाही. लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी मात्र मोठ्याने वाचली जाईल.

मागे भिंतीला टेकून महिला मंडळाच्या बायनाबाई बसल्या होत्या. दोन ठिकाणी नकार मिळाल्यावर विहाराची किल्ली त्यांनीच मिळवून दिली होती. आदल्या रविवारी निरोधचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "स्वाती, पाळीचं सांग, रक्त कमी असते त्याचं सांग. बाकीचं काऊन पाह्यजे पोरीइले? उद्या वस्ती मले इचारन."

"बाकीचंच त्यांना कोणी सांगत नाही, बाई."

"मले तरी कोणं सांगतलं होतं? झाले ना चार लेकरं."

पोरी हसल्या होत्या, बायनाबाईही हसल्या होत्या. किल्ली मात्र त्यांच्या कमरेलाच होती.

चिठ्ठीत लिहिलं होतं: दोन महिने झाले, पाळी नाई आली. कोणती गोळी घ्यावं? आईले सांगू नका.

मनाने गोळी घेऊ नको, मला येऊन भेट. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. स्वातीने त्याऐवजी शेवटी फळ्यावर आपला नंबर लिहिला. सगळ्यांनी तो उतरून घेतला. आठवडाभर कोणाचा फोन आला नाही.

पुढच्या रविवारी चिठ्ठ्या अठराच निघाल्या.

"खुशबू मामाकडे गेली, ताई," पिंकीने सांगितलं. "पोंभुर्ण्याले. सोयाबीन काढाले." मग खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी घरी जाताना मले म्हणे, ताईनं सगळ्या नाई वाचल्या."

स्वाती खुशबूच्या घरी गेली. आईने दार अर्धंच उघडलं. "बरी हाये पोरगी. मामाकडे हाये," एवढंच बोलून लावून घेतलं.

संध्याकाळी स्वातीने ती चिठ्ठी बायनाबाईंना दाखवली. त्यांनी हात लांब धरून ती दोनदा वाचली.

"मी बसली होती म्हणून नाई वाचली काय?"

स्वातीने होकारार्थी मान हलवली.

"मी बडबड करणारी बाई हावो," बायनाबाई म्हणाल्या. "तू तं शिकेल हाय. वाचाची होती नं वं."

बुधवारी पोंभुर्ण्याहून सुकरीचा, ओळखीच्या आशा सेविकेचा फोन आला; स्वातीने तिला चौकशी करायला सांगितलं होतं. मामा घरीच आहे, सोयाबीन कधीचं निघालं, भाची आलेलीच नाही. स्वाती आणि बायनाबाई दोघी खुशबूच्या घरी गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, मायबाप दुपारीच बॅग घेऊन निघाले. कुठे, ते बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खुशबूचा फोन पहिल्यांदा लागला. कोणीतरी उचलला, पण बोललं नाही.

"खुशबू, मी स्वातीताई. ती चिठ्ठी मी वाचली होती."

बावीस सेकंदांनी फोन कट झाला. शनिवार संध्याकाळपर्यंत तो बंदच आहे.